मिरगीविषयी थोडे उघडपणे



कोणी फेफरे म्हणतो, कोणी आकडी. आपल्या घरांतून मिरगी हा शब्द अधिक चालतो. वैद्यकात त्याला अपस्मार म्हणतात. नाव कोणतेही घ्या, ते उच्चारताना घरातला आवाज खाली येतो. म्हणूनच आज त्याविषयी मोठ्याने बोलावयाचे ठरविले आहे.

मेंदूतील पेशी अत्यंत सूक्ष्म विजेच्या साह्याने एकमेकींना निरोप देतात. काही वेळा असंख्य पेशी एकदमच बेबंदपणे हे निरोप सोडू लागतात. हाच झटका. तो साऱ्या मेंदूत पसरला तर माणूस बेशुद्ध होऊन हातपाय झाडतो. पण झटका नेहमी असा नसतो. धडा चालू असता एखादी मुलगी दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहते, हाकेला ओ देत नाही, आणि पुन्हा लिहू लागते. असे दिवसातून अनेकदा होत असेल, तर शिक्षकांनी 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा न मारता पालकांना बोलवावे.

ही बाहेरची बाधा नव्हे, हे हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. आपल्या इब्न सीना यांनीही 'कानून'मध्ये तिचा विचार मेंदूच्या रोगांत केला. सहीह बुखारीत मिरगीच्या एका स्त्रीची हकीकत आहे. तिने पैगंबर (स.) यांच्याकडे दुआ मागितली, सब्र केल्यास जन्नत, अथवा बरे होण्यासाठी दुआ, असे दोन पर्याय तिला मिळाले. तिने सब्र निवडले, आणि झटक्यात आपले अंग उघडे पडू नये एवढीच दुआ मागून घेतली. पुढे हजरत इब्न अब्बास 'जन्नतची स्त्री' म्हणून तिच्याकडे बोट दाखवीत. अशा स्त्रीला तेव्हा काय मान होता पाहा! आपणही दुआ जरूर करावी. पण गोळ्या बंद करून नव्हे.

गोळ्यांचा इतिहास फार जुना नाही. १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये फिनोबार्बिटल, १९३८ मध्ये फेनिटॉइन. आज वीसहून अधिक औषधे आहेत. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे, आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या देशातील एक संशोधन मुद्दाम सांगतो. झटके येणाऱ्या अनेक रुग्णांच्या सी. टी. स्कॅनमध्ये मेंदूत एकच लहानशी गाठ दिसे. ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. चांडी, डॉ. राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, आणि त्यांतील बहुतेक पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध केले.

हा पट्टकृमी डुकराच्या मांसातून येतो. यावर आपण म्हणाल, "ते तर आम्ही शिवतही नाही, आम्हाला भय कसले?" हे अर्धेच खरे. कच्चे राहिलेले ते मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. मेंदूतील गाठ मात्र कृमीच्या अंड्यांमुळे होते. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत, न धुतलेल्या हातांवाटे अन्नात जातात. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजात, जेथे डुकराचे मांस निषिद्धच, असे रुग्ण आढळल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. संशय घरकामास येणाऱ्या, कृमी असलेल्या व्यक्तींवर होता. तेव्हा कच्ची कोथिंबीर, मुळा, कोबी खूप पाण्याने धुवा. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवा. नुसते पाणी पुरत नाही.

झटका आला तर? कांदा हुंगवू नका, चप्पल लावू नका, दातांत चमचा घालू नका. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याशी आवळलेले सैल करा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही, अथवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, तर तडक रुग्णालय गाठा.

रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारमध्ये बसतात का, हे डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. बसत नसतील तर आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुराणाने दिली आहे.

सर्वांत अवघड गोष्ट निकाहाची. मुलीचा आजार लपवून लग्न लावतात. मग ती सासरी गोळी चोरून घेते, काही दिवसांनी तेही जमेनासे होते, आणि झटका नेमका न्हाणीघरात किंवा चुलीपाशी येतो. लपवून तिचे काय भले केले? हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराची आडकाठी संसदेने १९९९ मध्ये काढून टाकली. लग्न जुळविण्याच्या बैठकीतून ती अजून गेलेली नाही. एक मात्र करा. लग्न ठरण्यापूर्वी मुलीला डॉक्टरांकडे न्या. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते. ते वेळीच बदलण्याचा विचार करता येतो. परस्पर बंद मात्र करू नये.

आता आपले प्रश्न विचारावेत. चिठ्ठीवर लिहून दिलेत तरी चालेल. नाव घालण्याची गरज नाही.