प्रहर आणि स्नायूंचें बळ

पहांटे उठून सदऱ्याची गुंडी लावूं जावें, तों बोटें अडखळतात. तींच बोटें सायंकाळीं सतारीच्या पडद्यांवर सहज धांवतात. या फरकाचें खापर लोक बहुधा आळसावर फोडतात. शरीरशास्त्राचा निर्णय मात्र निराळा आहे. मनुष्याच्या स्नायूंचें बळ आणि मज्जातंतूंचा वेग हीं दिवसाच्या चोवीस तासांत एकसारखीं राहत नाहींत. त्यांना भरती-ओहोटी असते, आणि ती कोणाच्या इच्छेवर अवलंबून नसते.

या चढउताराचें एक प्रमुख कारण शरीराची उष्णता होय. निरोगी मनुष्याची उष्णता पहांटे चार-पांचच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि सायंकाळीं पांच ते सातच्या दरम्यान शिखर गांठते. हा फरक अर्ध्या ते एक सेंटिग्रेड अंशाचाच. परंतु स्नायु आणि मज्जातंतु यांना तेवढाही जाणवतो. मज्जातंतूंतून संदेश किती वेगानें जातो हें १८५० सालीं हेल्महोल्ट्झ यांनीं बेडकावर प्रयोग करून प्रथम मोजलें. मनुष्याच्या हातांत हा वेग सेकंदास साधारणपणें ५० ते ६० मीटर भरतो, आणि हाताची उष्णता एक अंशानें उतरली कीं तो सुमारें दोन मीटरनीं घटतो. म्हणूनच मज्जातंतूंची परीक्षा करणारा वैद्य रोग्याचा गार हात आधीं ऊन करून घेतो. स्नायूंचें आकुंचन ही तर रासायनिक क्रियाच. तीही गारव्यांत मंदावते.

येथें एक शंका निघते. सकाळीं उत्साहच कमी, म्हणून बळ कमी, असें कां म्हणूं नये? १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें या शंकेचें उत्तर दिलें. आंगठा तळहाताकडे ओढणाऱ्या स्नायूचें बळ सकाळीं सातला आणि सायंकाळीं सहाला मोजलें, तेव्हां सायंकाळीं तें शेंकडा सुमारें ९ नें अधिक आढळलें. नंतर माणसाच्या इच्छेला बाजूस सारून तोच स्नायु विजेच्या झटक्यांनीं आकुंचित केला; तरीही फरक कायम राहिला. मेंदूचा हुकूम सकाळीं दुबळा नव्हता. तो बजावणारा स्नायुच मंद होता.

हा ताल केवळ संवयीचाही नव्हे. १९३८ सालीं शिकागोचे नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी ब्रूस रिचर्डसन हे केंटकी प्रांतांतील मॅमथ गुहेंत ३२ दिवस राहिले. तेथें सूर्याचा किरण नव्हता, आणि त्यांनीं आपला दिवस २८ तासांचा ठरविला होता. तरुण रिचर्डसन यांच्या शरीरानें नवें वेळापत्रक पत्करलें. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या शरीराची उष्णता मात्र जुन्या चोवीस तासांनुसारच चढत-उतरत राहिली. पेशींतील हें घड्याळ कसें चालतें, याचा उलगडा माशीवरील संशोधनानें करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या ज्ञानाचा उपयोग काय? सकाळीं व्यायाम करणाऱ्यानें अंग नीट ऊन झाल्यावांचून जड वजनास हात घालूं नये. नित्य सकाळींच सराव केला, तर त्या वेळची उणीव पुष्कळ कमी होते. परंतु खरा प्रश्न रात्रपाळीचा आहे. इस्पितळांतील परिचारिका, आगगाडीचा चालक, घाटांतून मालमोटार नेणारा ड्रायव्हर यांना शरीराच्या नेमक्या ओहोटीच्या वेळीं दक्ष राहावें लागतें. अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथील अणुकेंद्राचा अपघात १९७९ सालीं पहांटे चारला सुरू झाला. चेर्नोबिलचा स्फोट १९८६ सालीं रात्रीं दीडच्या आंत झाला. दोहोंचीं कारणें अनेक होतीं, आणि यंत्ररचनेचे दोष त्यांत मोठे होते. तथापि संकटाशीं गांठ पडली तेव्हां तेथील माणसांचीं शरीरें विश्रांतीची वेळ मोजीत होतीं, हेंही विसरतां येत नाहीं.

पहांटे मंदावलेला हात दरडावणीनें चपळ होत नाहीं. जोखमीचें काम शक्य तेवढें दिवसा ठेवणें, रात्रपाळींत मध्यें विसावा देणें आणि महत्त्वाच्या कृतीवर दुसऱ्याची नजर असूं देणें, हे त्यावरचे उपाय होत. ते योजण्याची जबाबदारी पाळी करणाराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, पाळी आंखणाराची आहे.