झगा आणि देव



आपल्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थांचे जन्मगाव. दासबोधात त्यांनी मूर्खांची लक्षणे सांगितली, आणि पढतमूर्खांची वेगळी सांगितली. तेव्हा भक्ती आणि उपहास यांचे वैर नाही, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. परंतु जेथे तोंड उघडण्याची सोय नव्हती, तेथे हे काम छापील चित्रांनी केले. त्याची हकीकत गोव्यापासून सुरू होते.

गोव्यात १५६० साली पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य १६७३ साली दमणला त्याच्या हाती सापडला. १६७६ च्या जानेवारीत इतर कैद्यांबरोबर त्यालाही अनवाणी मिरविले. जाळावयाच्या माणसाच्या झग्यावर त्याचेच चित्र, भोवती ज्वाळा व सैतान. वेळीच कबुली देऊन वाचलेल्याच्या झग्यावर ज्वाळांची टोके खाली वळलेली. घंटा, मेणबत्त्या, प्रवचन, सर्व यथासांग!

मौनाची शपथ घ्यावी लागली असूनही देलाँने १६८७ साली पुस्तक छापले. पुढे ॲम्स्टरडॅमला १७२३ पासून निघालेल्या धर्मविधींच्या ग्रंथात बेर्नार पिकार याने ही मिरवणूक चित्रित केली. अशा कामात तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने चित्र ओरखडतात. उघड्या पडलेल्या रेघा तेजाब खातो. त्या खाचांत शाई भरून ओला कागद दाबला, की प्रत निघते. एका पत्र्यातून शेकडो.

पिकार स्वतः प्रॉटेस्टंट, त्याचे कॅथॉलिकांशी वाकडे होते, हे खरे. तरी येथे तो कोणाला वेडावीत नाही. झगे होते तसे दाखवितो, आणि तोच उपहास ठरतो. रस्त्यावर ज्या मिरवणुकीने थरकाप होई, ती कागदावर घरी आली, तेव्हा भय ओसरले. झगा तेवढा उरला.

१७९९ साली स्पेनमध्ये गोयाने 'काप्रिचोस' या ८० चित्रांच्या संचात एका झाडालाच साधूचा झगा चढविला. पुढे एक बाई गुडघे टेकून हात जोडते आहे. शिंपी काय काय करू शकतो, असा चित्राचा मथळा! तेथे तेव्हा इन्क्विझिशन जिवंत होते. गोयाने १८०३ साली ते पत्रे राजाच्या स्वाधीन केले.

अशा चित्रांनी श्रद्धा दुखावते, असे म्हणणारे आपल्यांतही आहेत. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. मात्र चित्र पाहताना विचारावे : हसू त्या बाईच्या जोडलेल्या हातांचे येते, की झाडाला झगा चढविणाऱ्याचे? पहिले असेल तर चित्र खुशाल बाजूस सारावे. दुसरे असेल तर त्याने देवाचे काही नेलेले नाही.