बर्मिंगहॅमच्या मुलांची साक्ष

अमेरिकेतील अलाबामा राज्यातले बर्मिंगहॅम हे पोलादाचे शहर. तिथल्या वर्णभेदाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाताशी शहराचे कायदे असतात, तसेच तिथे वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या आठवणीही असतात. कायद्यांना पुरावा म्हणायचे आणि आठवणींना भावनेचा भाग, ही वाटणी मला मान्य नाही. तेव्हाच्या नगरसंहितेनुसार गोऱ्या आणि काळ्या गिऱ्हाइकांना एकाच उपाहारगृहात वाढायचे तर मध्ये किमान ७ फूट उंचीचा भरीव आडोसा आणि रस्त्याकडून वेगवेगळी दारे असावी लागत. गोऱ्या-काळ्यांनी पत्ते, फासे, डॉमिनो एकत्र खेळणे हाही गुन्हा होता. पण दुकानातला नवा बूट काळ्या मुलाला पायात घालून बघू द्यायचा नाही, म्हणून आईने कागदावर त्याच्या पावलाची रेघ काढून तो कागद दुकानात न्यायचा, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. दक्षिणेत वाढलेल्या कितीतरी जणांच्या आठवणींत मात्र ते आहे.

आठवण पुढच्या वाचनाने, छायाचित्रांनी, राजकारणाने रंगते, असा आक्षेप घेतात. रंगते, हे खरेच. म्हणूनच एकमेकांशी न पटणारे साक्षीदार शोधावेत. अँजेला डेव्हिस (जन्म १९४४) आणि कॉन्डोलीझा राइस (जन्म १९५४) दोघीही बर्मिंगहॅमच्या. एक कम्युनिस्ट झाली, दुसरी रिपब्लिकन सरकारात परराष्ट्रमंत्री. तरी दोघींच्या आत्मकथनांत कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले बॉम्बस्फोट आहेत आणि दुकानातला अपमानही आहे. डेव्हिस आणि त्यांची बहीण फ्रेंच बोलत बुटांच्या दुकानात शिरल्या, तेव्हा परदेशी समजून त्यांना गोऱ्यांच्या जागेत अदबीने बसवले गेले. राइस यांच्या आईने मुलीचा पोशाख कोठीच्या खोलीत घालून बघायला साफ नकार दिला, आणि विक्रेतीला नमावे लागले. नियम गल्ल्यापाशी उभी असलेली माणसे चालवत होती आणि वेळ आली की वाकवतही होती, ही गोष्ट आपल्याला कायद्याचे कलम सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. आठवणी सांगणाऱ्या या मुलांपैकीच पुष्कळजण आपले बालपण सुखात गेले असेही सांगतात. पियानो, चर्च, जीव लावणारे शिक्षक. मग जाच खरोखर एवढा होता का? होता. ते सुख शहराने दिलेले नव्हते, आईबापांनी आणि शिक्षकांनी शहरापासून जपून राखलेले होते. राइस यांचे वडील आणि शेजारी रात्री बंदुका घेऊन वस्तीत पहारा देत. मुलाच्या शांत झोपेसाठी बापाला असे जागावे लागत असेल, तर त्या झोपेची आठवण जाचाच्याच बाजूने बोलते.

राहिला १९६३च्या मुलांच्या मोर्चाचा प्रश्न. २ मे रोजी हजारावर विद्यार्थी शाळा सोडून सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमधून वर्णभेदाविरुद्ध मोर्चाने निघाले, शेकडोंना अटक झाली. दुसऱ्या दिवशी शहराचे सार्वजनिक सुरक्षा आयुक्त ‘बुल’ कॉनर यांनी त्यांच्यावर अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्री सोडली. मुलांना पुढे केले, ही टीका कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांनी केली, देशाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींनाही ते रुचले नाही. टीका हलकी नाही. चळवळीचे संघटक जेम्स बेव्हेल यांनीच मुलांना हाक दिली होती. पण मोठे रस्त्यावर उतरले तर नोकरी जाई, मुलांच्या बाबतीत ती भीती नव्हती. शिवाय घरात तरी सुरक्षितता कुठे होती? चळवळीचे स्थानिक नेते, पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांच्या घरावर १९५६च्या नाताळच्या रात्री बॉम्ब पडला. १५ सप्टेंबर १९६३ला त्याच सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्चमध्ये स्फोटात मारल्या गेलेल्या ११ ते १४ वर्षांच्या चार मुली मोर्चात नव्हत्या, रविवारच्या प्रार्थनेसाठी आल्या होत्या. आणि मोर्चातल्या मुलांना शहराने अजाण मानले नाही. मोर्चाच्याच मे महिन्यात शिक्षण मंडळाने हजारावर विद्यार्थ्यांना निलंबित केले किंवा काढून टाकले. ज्यांना शिक्षेपुरते जाणते धरले, त्यांची साक्ष अजाणपणाच्या सबबीवर फेटाळता येत नाही. मंडळाचा तो आदेश अपील न्यायालयाचे न्यायाधीश एल्बर्ट टटल यांनी २२ मे रोजी फिरवला.