संगणकातली गुहा आणि आपला वाडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा आम्ही संतवाङ्मयावर अथवा गेला बाजार नाट्यसंगीतावर बोलू अशी सर्वांची अपेक्षा असावी. ‘संगणकावरील खेळ’ हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनी करून तो पुन्हा एकदा विचारून घेतला. त्यांचे आश्चर्य रास्तच होते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. सरकारी नस्तींवर शेरे मारण्यात आमची हयात गेली. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध पंख्याचे बटण दाबण्यापुरताच असावा, असे कोणासही वाटेल. परंतु मनुष्याला एखादा छंद असतो आणि तो बहुधा त्याच्या हुद्द्याशी विसंगत असतो. बदलीच्या गावी, मुलाबाळांपासून दूर, एकट्याने काढलेल्या संध्याकाळी आम्हांस हा छंद लागला. जुन्या काळचे खेळ, विशेषतः ज्यांत चित्र नाही, आवाज नाही, केवळ शब्द आहेत असे खेळ, धुंडाळावयाचे आणि खेळावयाचे, असे त्याचे स्वरूप. आज त्यांतील एकाच खेळाची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेतील केंटकी संस्थानात चुनखडकाच्या पोटात मॅमथ केव्ह नावाची गुहा आहे. आपल्या वेरूळ-अजिंठ्यासारखी ती माणसाने कोरलेली नव्हे. पाण्याने लक्षावधी वर्षांत पोखरलेली आहे. तिची मोजलेली लांबी आज ६८० किलोमीटरांहून अधिक आहे आणि ज्ञात गुहांमध्ये ती जगात सर्वांत लांब गणली जाते. शेजारच्या फ्लिंट रिज या डोंगराखालील गुहा आणि ही गुहा आतून एकमेकींस मिळाल्या असाव्यात, असा हौशी गुहाशोधकांचा जुना तर्क होता. ९ सप्टेंबर १९७२ रोजी तो खरा ठरला. त्या दिवशी चिखलपाण्यातून वाट काढीत पलीकडे पोहोचलेल्या तुकडीत पॅट्रिशिया क्राउथर ही एक सडपातळ बांध्याची स्त्री होती. ज्या अरुंद फटीपाशी वाट अडली होती, तिच्यातून अंग चोरून प्रथम पार झाली ती हीच.

या बाईंचे यजमान विल क्राउथर हेही गुहाशोधक. पोटापाण्याचा त्यांचा व्यवसाय मात्र संगणकाचा. मॅसॅच्युसेट्समधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत ते नोकरीस होते. १९६९ साली अर्पानेट नावाचे जे संगणकांचे जाळे प्रथम विणले गेले आणि ज्यातून पुढे आजचे इंटरनेट उभे राहिले, त्या जाळ्याच्या सांध्यांवर बसविलेल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मोजक्या मंडळींत ते होते. गुहेतून परतल्यावर चिखलाने माखलेल्या वह्यांतील मोजमापे घरच्या बैठकीतील टेलिप्रिंटरवर टंकून कचेरीतील संगणकाकडे पाठवावयाची आणि त्यांवरून नकाशे काढावयाचे, हा पतिपत्नींचा जोडीचा उद्योग होता.

पुढे या जोडप्याचा घटस्फोट झाला. गुहाशोधकांच्या त्याच मंडळींत पुन्हा जाणे अवघड वाटू लागल्याने गुहा सुटली. आणि दोन लहान मुलीही दुरावल्या. त्यांची उणीव भासू लागली, असे क्राउथर यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. तेव्हा १९७५-७६ च्या सुमारास या गृहस्थाने काय केले? त्याने आपल्या मुलींसाठी संगणकात एक गुहा रचली.

ही गुहा शब्दांची होती. खेळणारा कोठे उभा आहे, समोर काय दिसते, हे यंत्र दोन-चार वाक्यांत टंकून सांगे. खेळणाऱ्याने एका किंवा दोन शब्दांत आज्ञा द्यावयाची : उत्तरेस जा, खाली उतर, दिवा घे. यंत्र पुढील वर्णन सांगे. फोरट्रान या भाषेत लिहिलेल्या सुमारे सातशे ओळी आणि जवळजवळ तितकीच सामग्री. यंत्राला कळणारे शब्द अवघे १९३. प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच यंत्र पाही, कारण त्या पीडीपी-१० संगणकाच्या स्मृतीच्या एका घरात पाचच रोमन अक्षरे मावत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत डोंगरातील झरा, लोखंडी जाळीचे झाकण, सरपटत जाण्याच्या वाटा, अंधारी दालने असे सारे काही होते. कुऱ्हाड फेकणारा एक बुटका होता आणि क्षणात दुसरीकडे नेणारा एक मंत्रही होता. ‘तिळा तिळा दार उघड’ ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना त्या मंत्राचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. संगणकाची ओळख नसलेल्यालाही भय वाटू नये म्हणून आज्ञा साध्या बोलीत ठेवल्या होत्या. मुलींना खेळ आवडला.

येथवरची हकीकत एका घरातली झाली. पण क्राउथर यांच्या संगणकावरून त्या प्रोग्रॅमच्या प्रती जाळ्यावर हिंडू लागल्या. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स या तरुणाच्या हाती एक प्रत लागली. तीत चुका होत्या. त्या सुधारावयाच्या तर मूळ प्रोग्रॅम हवा, आणि कर्त्याचा पत्ता तर ठाऊक नाही. तेव्हा या पठ्ठ्याने जाळ्यावरील प्रत्येक संगणकावर ‘क्राउथर’ या नावाने टपाल धाडले! एका ठिकाणाहून उत्तर आले. क्राउथर यांनी मूळ प्रोग्रॅमही दिला आणि संमतीही दिली. वुड्स यांनी १९७७ साली खेळ वाढविला. खजिने आणि चक्रव्यूह यांत भर टाकली आणि ३५० गुणांची मोजणी घातली. त्यांतील अखेरचा एक गुण मिळविण्यासाठी एक मासिक उचलून भलत्याच दालनात नेऊन टाकावे लागते. हे कोणाला सुचावे आणि का सुचावे, हे आम्हांस आजतागायत उमगलेले नाही.

चक्रव्यूहाची युक्ती मात्र सांगण्याजोगी आहे. त्यातील एका भुलभुलैयात सर्व दालनांचे वर्णन अक्षरशः एकच आहे. मग ओळखावयाचे कसे? खेळणाऱ्याने जवळची वस्तू प्रत्येक ठिकाणी एकेक टाकीत जावे. येथे किल्ल्या, तेथे अन्न, पुढे बाटली. पुन्हा किल्ल्या दिसल्या की समजावे, आपण येथे आलो होतो. हातात कागद आणि पेन्सिल घेऊन नकाशा काढीत गेल्यावाचून सुटका नाही. संगणकावरचा खेळ म्हणजे बोटांची चाळवाचाळव, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा भुलभुलैया एकदा अनुभवावा.

या खेळापासून स्फूर्ती घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तरुणांनी १९७७ साली ‘झॉर्क’ हा खेळ रचावयास घेतला. रॉबर्टा विल्यम्स या गृहिणीने तो खेळून १९८० साली पतीच्या साहाय्याने ‘मिस्टरी हाउस’ हा चित्रांसह खेळ काढला. आज ज्याला ‘अ‍ॅडव्हेंचर’ प्रकार म्हणतात त्याचे नावच या खेळावरून पडले.

आता या हकीकतीतील एक चिंतेची गोष्ट. वुड्स यांची प्रत सर्वत्र पसरली. पण क्राउथर यांनी मुलींसाठी लिहिलेला मूळ प्रोग्रॅम नाहीसा झाला. जवळजवळ तीस वर्षे तो हरवला असेच सारे समजत होते. डेनिस जर्झ या प्राध्यापकांनी त्याचा पिच्छा पुरविला. हे प्राध्यापक इंग्रजीचे आहेत, आमच्याच गोत्रातले, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. अखेर २००५ साली, स्टॅनफर्ड येथे वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील खात्याची जी राखीव प्रत जपून राहिली होती तीत तो सापडला. जर्झ यांनी गुहाशोधकांसह प्रत्यक्ष गुहेत उतरून खेळातील वर्णने ताडून पाहिली आणि २००७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. खेळातील भूगोल बव्हंशी खरा निघाला. हा खेळ खेळून प्रथमच त्या गुहेत गेलेल्या व्यक्तीला वाट ओळखीची वाटली, असेही गुहाशोधक सांगतात. एका बापाने आठवणीतून लिहिलेले घर इतके अचूक होते. आणि ते केवळ योगायोगाने वाचले.

हे वाचले तेव्हा आम्ही अस्वस्थ झालो, आणि त्याचे कारण आमच्या घरचे आहे.

कृष्णाकाठच्या एका गावी आमचा वाडा होता. वाटण्या झाल्या, भाऊ पुण्यास गेले, आम्ही देशभर फिरलो. २००४ साली वाडा विकला गेला आणि पुढे पाडला. आमच्या कन्येने तो दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी तिचे वय चार वर्षांचे होते. हैदराबादेत आणि भोपाळात वाढलेल्या या मुलीला ढेलज, सोपा, माजघर, बळद हे शब्द म्हणजे निव्वळ आवाज. एका सुटीत आम्ही तिला क्राउथर यांची हकीकत सांगितली. ती म्हणाली, “बाबा, मग आपण वाड्याचा खेळ करू या.”

त्यासाठी लागणारी साधने आज फुकट मिळतात. ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ साली केलेले ‘इन्फॉर्म’ आहे. क्रिस क्लिमस यांनी २००९ साली केलेले ‘ट्वाइन’ आहे. दोन्ही हौशी मंडळींनी जोपासलेली. आज्ञा टंकावयाच्या खेळात मराठीची पंचाईत होते. इंग्रजीत ‘लॅम्प’ सर्वत्र ‘लॅम्प’च राहतो, आपला ‘दिवा’ मात्र ‘दिव्याने’, ‘दिव्यात’ असा रूप पालटतो. यंत्राला प्रत्येक रूप शिकवावे लागते. म्हणून आम्ही ‘ट्वाइन’ घेतले. त्यात वाक्यातील शब्दावर बोट ठेवले की पुढचे पान उघडते. देवनागरीचीही अडचण येत नाही.

लेखणी हाती घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी अडलो. चौकातून मागील दारी गेले की तुळशीवृंदावन विहिरीच्या डाव्या हाताला की उजव्या? आम्ही म्हणालो उजव्या. दादांना दूरध्वनी केला. ते म्हणाले डाव्या, आणि ते आम्हांस कोठे काय ठाऊक असणार असेही म्हणाले. दोघा भावांत पंधरा मिनिटे वाद झाला. शेवटी आईला विचारले. तेव्हा तिचे वय ८४ होते. ती म्हणाली, “अरे, जाताना उजव्या हाताला आणि भरली घागर घेऊन येताना डाव्या. तुम्ही दोघे कधी पाणी भरायला गेलात?” क्राउथर यांनी डावे-उजवे न वापरता पूर्व-पश्चिम का वापरले, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आई दूरध्वनीवर वाडा सांगू लागली आणि नात टंकू लागली. बळदात अंधार म्हणून खेळणाऱ्याने आधी देवघरातून चिमणी आणली पाहिजे, अशी अट नातीने घातली. तेव्हा आईने सांगितले की बळदाच्या तोंडाशी भिंतीत एक कोनाडा होता. १९७२ च्या दुष्काळात पेरणीपुरती दोन पायल्या ज्वारी तिने तेथे लपविली होती. घरात मुले भुकेने रडली तरी तिला हात लावला नाही. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, दादांनाही नव्हती. रडणाऱ्या मुलांत आम्ही होतो. केंटकीत ती फट ओलांडली गेली त्याच वर्षीची ही गोष्ट. आमच्या खेळातील खजिना आता तोच आहे. सोन्याची मोहर नव्हे, दोन पायल्या ज्वारी. आणि नियम असा की ती उचलावयाची नाही, पाऊस पडेपर्यंत राखावयाची.

आई गेल्या वर्षी गेली. खेळात एकंदर २३ ठिकाणे आहेत. आता एखाद्या ठिकाणाविषयी शंका आली तर विचारावयास कोणी नाही.

मित्रहो, संगणकावरील प्रत्येक खेळाची तरफदारी करण्यास आम्ही उभे नाही. मुलांचा अभ्यास आणि झोप खाणारे, पैशाची चटक लावणारे खेळ पुष्कळ आहेत आणि त्यांस आवर घालणे पालकांचे कामच आहे. परंतु खेळ हे वाहन आहे. त्यातून काय न्यावे हे हाकणाऱ्याने ठरवावयाचे. सापशिडीचा मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, असे आपली परंपरा सांगते. सोंगट्यांच्या पटावरून पापपुण्याचा विचार घरोघर नेता येतो, तर शब्दांच्या खेळातून वाडा का नेता येऊ नये?

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्यातील प्रत्येक घरी एखादा वाडा, एखादी चाळ, एखादी नारळीपोफळीची वाडी आहे, जी आता केवळ कोणाच्या तरी स्मरणात उभी आहे. आणि प्रत्येक घरी संगणक हाताळणारे एखादे मूल आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाच्या ग्रंथालयात या दोघांना शेजारी बसवावे. आजोबा-आजींनी सांगावे, नातवंडांनी लिहावे. मराठी बोल म्हणून बजावण्याने जी भाषा मुलांच्या तोंडी बसत नाही, ती ‘ढेलजेतून कोठे जाऊ?’ या प्रश्नाने बसते, हा आमच्या घरचा अनुभव आहे. आणि जे तयार होईल त्याच्या प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत. मंडळात ठेवाव्यात, नातेवाइकांकडे ठेवाव्यात, वर्णने कागदावरही छापून ठेवावीत. क्राउथर यांचा प्रोग्रॅम योगायोगाने वाचला. योगायोगावर विसंबून राहणे सरकारी नोकरास तरी शोभत नाही.

आमचा वाड्याचा खेळ आम्ही मंडळाच्या ग्रंथालयास आज सादर करीत आहोत. ज्यांना खेळावयाचा असेल त्यांनी खुशाल खेळावा. एवढेच सांगतो, बळदात शिरण्यापूर्वी देवघरातील चिमणी घेण्यास विसरू नये.