विषाणू, डास आणि आपले रांजण
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विषाणूविषयी बोलण्याचा अधिकार वास्तविक आमच्या डॉक्टरमंडळींचा. परंतु आप्तजन मलाही विचारतात, चिकुनगुन्या वर्षानुवर्षे नाहीसा होतो आणि मग एकाएकी घरेच्या घरे अंथरुणाला कशी खिळवतो?

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या तापाची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली; मराठवाड्यानेही ती साथ सोसली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत आढळले की, पूर्वीचा विषाणू आशियाई प्रकारचा होता, हा आफ्रिकी. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथील डासांतून मिळालेला विषाणूही याच आफ्रिकी प्रकारचा निघाला. म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधी तो आपल्या दारात होता. आपल्या खातेवहीत मात्र त्याची नोंद नव्हती!

या विषाणूला माणूस आणि डास अशा दोन यजमानांकडे राहावे लागते. एकाला मानवणारा बदल दुसऱ्याकडे घातक ठरल्यास तो टिकत नाही. तथापि एखादा बदल साधतो. रियुनियन बेटावरील २००५-०६ च्या साथीत त्याच्या आवरणातील एका प्रथिनात २२६ व्या स्थानी एकच अमिनो आम्ल बदलले आणि एडिस अल्बोपिक्टस या डासात तो अधिक सहजतेने वाढू लागला. २००७ मध्ये हाच बदल केरळात आढळला. तेथील रबराच्या मळ्यांत हा डास विपुल.

आपल्याकडे मात्र त्याला इतके कष्ट घ्यावे लागत नाहीत, असे मला वाटते. एडिस इजिप्तीची मादी घरात साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या जालन्यात रांजण आणि पिंपे भरून ठेवणे हा गृहिणींचा नाइलाज आहे. ही अंडी सुकूनही अनेक महिने तग धरतात. म्हणून भांडे रिकामे करणे पुरत नाही, आतून घासावे लागते.

गतवर्षी आमच्याच एका कक्षातील कूलरमध्ये अळ्या सापडल्या, हे मान खाली घालून सांगतो. तेव्हापासून दर शुक्रवारी कूलर व पिंपे घासून वाळविली जातात आणि त्याची नोंद ठेवली जाते. या तापावर विषाणूचा नाश करणारे औषध अद्याप नाही. यास्तव घरी जाणाऱ्या प्रत्येक तापाच्या रुग्णास पिंपासाठी घट्ट बसणारे कापडी झाकण द्यावे, असा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे ठेवला आहे. शुक्रवारची नोंदवही कार्यालयात आहे. कोणीही येऊन पाहावी.