मागे राहणाऱ्यांसाठी कागद

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून धम्मावर विद्वान मंडळी बोलतात. या वर्षी समितीने सांगितले, लोकांच्या घरातला प्रश्न घ्या. म्हणून मी वारसा, मृत्युपत्र आणि कोर्टाचे दाखले यावर बोलणार आहे. मी वकील नाही, गिरणीत साच्यावर उभा राहिलेला कामगार आहे. पण फंडाचे, पेन्शनचे, घराच्या सोडतीचे फॉर्म भरून देता देता एक गोष्ट कळली. माणूस जातो ते दुःख असतेच, पण कागद नसल्यामुळे जी फरफट होते ती टाळता येण्यासारखी असते.

कुणी म्हणेल, आनंदाच्या दिवशी मरणाच्या गोष्टी कशाला? बंधूंनो, अनित्यता आपण रोज वंदनेनंतर ऐकतो. आणि सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला आईबापाची पाच कर्तव्ये सांगितली, त्यात योग्य वेळी मुलांना वारसा सोपवणे हे एक आहे. योग्य वेळी, हा शब्द ध्यानात ठेवा. आयसीयूच्या दारात अंगठा घेणे ही योग्य वेळ नव्हे.

आता पहिला प्रश्न, वारस कोण? पुष्कळ लोक म्हणतात, आम्ही बौद्ध, आम्हाला हिंदूंचा कायदा कसा लागतो? स्वतंत्र बौद्ध कायद्याची मागणी आहे, तो होईल तेव्हा होईल. पण आज १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन, शीख सर्वांना लागू आहे. या कायद्याच्या मुळाशी बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल आहे. बिल रखडवले गेले म्हणून त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. ज्या हक्कासाठी त्यांनी खुर्चीवर पाणी सोडले, तो हक्क आपल्याच घरात आपण बुडवायचा काय?

कायदा काय म्हणतो ते पाहा. एखादा माणूस मृत्युपत्र न करता वारला, मागे आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, तर त्याच्या मालमत्तेचे पाच सारखे हिस्से होतात. आईला एक, बायकोला एक, तिन्ही मुलांना एकेक. मुलगी लग्न होऊन गेली तरी तिचा हिस्सा जात नाही. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलाएवढाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तरी आपल्याकडे काय चालते? "ताई, इथं सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे." ते हक्कसोडपत्र असते. भगिनींनो, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि भावांनो, बहीण राजीखुशीने सोडत असेल तर तिला आधी समजावून सांगा की ती काय सोडते आहे.

दुसरी गोष्ट नॉमिनीची. नॉमिनी म्हणजे मालक, हा मोठा गैरसमज आहे. बँकेतल्या खात्याचा नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस, खरा हक्क वारसांचा. तरीही नॉमिनी लावाच, कारण तो नसला की रक्कम अडकते आणि मोठ्या रकमेला बँक कोर्टाचे सक्सेशन सर्टिफिकेट मागते. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. प्रॉव्हिडंट फंडाचे वेगळे आहे. लग्नाआधी पोराने भावाचे नाव लावलेले असते. लग्न झाले की ते नॉमिनेशन रद्द होते, नवीन भरावे लागते. किती जण भरतात? घरी जाऊन पोरांना विचारा.

आता मृत्युपत्र. हे श्रीमंतांचे काम नाही. दहा बाय बाराची खोली असली तरी करावे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचे नाही, पण केलेले बरे. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि त्या वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढे हवेच. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि ज्याला त्यात काही मिळणार नाही असा घ्यावा. वय झाले असेल तर शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. अंमल करणाऱ्याचे, म्हणजे एक्झिक्युटरचे, नाव लिहावे. आणि मन बदलले तर मृत्युपत्रही बदलता येते. शेवटचे धरले जाते, म्हणून तारीख घालायला विसरू नका.

मुंबईच्या लोकांना एक जुनी भीती आहे, मृत्युपत्र केले तरी हायकोर्टात प्रोबेट घ्यावे लागते, वर्षे जातात, पैसा जातो. ती भीती खोटी नव्हती. १९२५ च्या वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांतल्या मालमत्तेच्या आपल्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकले. सक्ती गेली, पण मृत्युपत्र खरे आहे हे सिद्ध करण्याची पाळी येऊ शकते. घरात तंटा असेल, कुणी सही खोटी म्हणत असेल, तर प्रोबेट घेतलेले शहाणपणाचे.

खोलीबद्दल सांगतो. पागडीच्या भाड्याच्या खोलीचा भाडेहक्क मृत्युपत्राने वाटेल त्याला देता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९९४ साली सांगितले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क जातो. कुटुंबात एकमत नसेल तर कोर्ट ठरवते. म्हणून रेशनकार्ड, मतदार यादी, लाईट बिल जपून ठेवा. रीडेव्हलपमेंट आली की हीच कागदे शोधत माणसे धावतात. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती २०१२, २०१६ आणि २०२० साली झाल्या. १९८२ च्या संपात होरपळलेला कामगार तोवर कितीदा हयात नव्हता, नंबर लागला आणि भावंडे एकमेकांविरुद्ध उभी राहिली. बापाने घामाने मिळवलेला हक्क, त्यावर पोरे बोलेनाशी होतात, याचे मला फार वाईट वाटते.

गावाकडची जमीन विसरू नका. सात-बारावर आजोबांचे नाव, नाहीतर थोरल्या चुलत्याचे नाव आणि पुढे ए.कु.मॅ. असा शेरा. बाकीचे मुंबईत. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, उशीर झाला तरी द्यावा. आपल्या पुष्कळांची जमीन महार वतनाची. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली. ती वारसाने पुढच्या पिढीकडे येते, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुणी एजंट साध्या कागदावर साठेखत करू म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक नाजूक गोष्ट. विहारात लग्न लागते, फोटो निघतात, पण नोंदणी होत नाही. नवरा गेला की पेन्शनच्या खिडकीवर बाईला विचारतात, तू त्याची बायको कशावरून? गिरणीच्या कार्डावर नाव एक, आधारवर दुसरे, गावच्या दाखल्यावर तिसरे. ही दुरुस्ती माणूस जिवंत असताना सोपी, नंतर अवघड. आणि पहिली बायको असताना कुणी दुसरी केली असेल, तर दुसरीला कायद्याने बायकोचा वाटा नाही, पण तिच्या मुलांना बापाच्या मालमत्तेत हक्क आहे. मुलांना दोष देऊ नका.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात साधा अर्ज द्यायचा. १५१०० नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. ही भीक नाही, हक्क आहे.

शेवटी समितीपुढे एक सूचना ठेवतो. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर दोन तास विहारात टेबल टाकावे. लिहिता-वाचता येणारी आपली पोरे-पोरी फॉर्म भरून देतील, मृत्युपत्राला साक्षीदार मिळतील, अडले तर विधी सेवेच्या वकिलाकडे पाठवता येईल. विहाराने लग्नांचे रजिस्टर ठेवावे आणि प्रत्येक जोडप्याला नोंदणी करायला लावावी. याला फंड लागत नाही, वेळ लागतो.

आणि प्रत्येक घराने या आठवड्यात एक फाईल करावी. मृत्यूचे दाखले, लग्नाचा दाखला, फंडाचा नंबर, पासबुक, खोलीची पावती, सात-बारा, सगळे एका जागी. ती फाईल कुठे आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असावे. कुलूप नवऱ्याकडे आणि किल्ली त्याच्याबरोबर स्मशानात, असे होऊ नये.



नमो बुद्धाय! जयभीम!