विस्मृतीचा रोग आणि आपलें कर्तव्य



घरांतील वृद्ध माता तोच प्रश्न पुनःपुन्हां विचारूं लागली, नेहमींची वाट चुकूं लागली, म्हणजे आपण 'म्हातारपणीं असें व्हावयाचेंच' असें म्हणून स्वस्थ बसतों. परंतु हा वार्धक्याचा दोष नव्हे. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसें त्यानें ग्रस्त आहेत, आणि शहरांपेक्षां खेड्यांत त्यांचें प्रमाण अधिक आहे. तज्ज्ञ डॉक्टर मात्र बहुधा शहरांतच भेटतात.

मग खेड्यांनीं काय करावें? उत्तर गोव्यांतील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांमध्यें एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं निम्म्या घरीं शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने जात, रोगाचें स्वरूप समजावीत, रुग्णाशीं कसें वागावें तें सांगत. ते डॉक्टर नव्हते. पण मानसोपचारतज्ज्ञाचें मार्गदर्शन त्यांस होतें. रोग बरा झाला नाहीं. परंतु त्या घरांत शुश्रूषा करणारांचा मनस्ताप हलका झाला.

असें कार्य केवळ सदिच्छेनें चालत नाहीं. कार्यकर्त्याचें शिक्षण, वेतन व प्रवासखर्च ह्यांस द्रव्य लागतें, आणि तें दरवर्षीं लागतें. म्हणून माझी विनंती अशी, कीं ह्या महोत्सवाच्या निधींतील कांहीं भाग रोषणाईकडे न जातां दूरच्या पाड्यांवरील अशा घरांकडे जावा. आपण आज ठरविलें, तर पुढील वर्षीं एखाद्या थकलेल्या सुनेच्या दारीं कोणीतरी विचारपूस करावयास आलेलें असेल.